साव्हेनिएर: ल्वार नदीकाठची कोरडी पांढरी वाइन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी निफाड तालुक्यातली, घरी द्राक्षबाग, शिकायला म्हणून फ्रान्समध्ये आँजे शहरात आले आणि तिथून पंधरा-एक किलोमीटरवरच्या साव्हेनिएर गावात दोन सीझन तोडणीला गेले. तेव्हापासून घरचे, मित्रमंडळी, व्हॉट्सॲप ग्रुपवरचे लोक तेच तेच प्रश्न विचारतायत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. ज्या मळ्यात मी काम केलं तो छोटा आहे, त्याचं नाव देत नाही. पण शेजारचा प्रसिद्ध मळा आहे ना, कुले द सेराँ, त्याच्याबद्दल भरपूर लिहिलंय, कारण निम्मे प्रश्न त्याच्याबद्दलच असतात.

आधी हे सांग, वाइन कोरडी कशी असते? ती तर ओली असते ना?

हा प्रश्न मला पहिल्यांदा माझ्या आत्येभावानं विचारला आणि त्यानंतर कमीत कमी वीस जणांनी. कोरडी म्हणजे गोड नसलेली, बास. द्राक्षाच्या रसात साखर असते, यीस्ट ती साखर खातं आणि अल्कोहोल करतं, सगळी खाऊन संपली की जे उरतं ते ड्राय, फ्रेंचमध्ये सेक. युरोपातल्या नियमानुसार लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर असली तर ड्राय म्हणता येतं, आणि आंबटपणा भरपूर असेल तर ९ ग्रॅमपर्यंत सूट आहे, कारण आंबट असलं की तेवढी साखर जिभेला कळतच नाही. कैरीच्या पन्ह्यात किती गूळ जिरतो ते आठवा.

साव्हेनिएर हे द्राक्षाचं नाव आहे की गावाचं?

गावाचं. फ्रान्समध्ये बाटलीवर बहुतेक वेळा गाव किंवा परिसर लिहितात, द्राक्ष कुठलं ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे असं ते गृहीत धरतात, हा त्यांचा जुना माज आहे म्हणा. ल्वार नदीच्या उत्तर काठावर, आँजूच्या (आँजे शहराभोवतीचा जुना प्रांत) भागात हे गाव आहे, १९५२ पासून त्याला स्वतःचं नाव लावायचा कायदेशीर हक्क मिळाला, ज्याला तिकडे ए-ओ-सी म्हणतात. आपल्याकडे जी-आय टॅग म्हणतो तसंच, फक्त नियम खूप जास्त: द्राक्ष कुठलं, छाटणी कशी, एकरी उत्पादन किती, सगळं ठरलेलं. एकूण क्षेत्र दीडशे हेक्टरच्या आसपास, म्हणजे पावणेचारशे एकर. आमच्याकडच्या एखाद्या मोठ्या गावातल्या बागा मोजल्या तर यापेक्षा जास्त भरतील.

द्राक्ष एकच, शेनिन ब्लाँ. दुसरं चालत नाही.

शेनिन ब्लाँ? ते तर नाशिकलाच होतं ना?

हो! म्हणूनच मला या गावाचं एवढं वेड लागलं. सुला या वाइन कंपनीनं १९९७ साली नाशिकजवळ वाइनची द्राक्षं लावायला सुरुवात केली तेव्हा सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ अशा दोन जातींनी केली होती, आणि आज नाशिक भागात पांढऱ्या वाइनसाठी शेनिन सगळीकडे दिसतं. या द्राक्षाचं माहेर मात्र हे, ल्वारचं खोरं. दक्षिण आफ्रिकेत ते सगळ्यात जास्त पिकतं, तिथे जुनं नाव स्टीन.

पण वेल तोच असला तरी वर्ष उलटं आहे. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून आपण दोनदा छाटतो, एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी बहार, आणि माल जानेवारी ते मार्चमध्ये निघतो. तिकडे हिवाळ्यात वेल पूर्ण झोपतो, एक पान राहत नाही, नुसत्या काळ्या वाकड्या काड्या. छाटणी एकदाच, जानेवारी-फेब्रुवारीत, हातमोजे घालून, नाक गळतंय अशा थंडीत. मार्च आला की छाटलेल्या काडीच्या टोकातून पाणी टपकायला लागतं, ते बघून मला एकदम घरची आठवण आली कारण आपण पण म्हणतो ना, वेल रडायला लागला. एप्रिलात फूट, जूनमध्ये फुलोरा, आणि फुलोऱ्यापासून शंभर दिवसांनी तोडणी असा त्यांचा जुना हिशोब, म्हणजे सप्टेंबर अखेर आणि ऑक्टोबर.

मग चव सारखी असते का?

नाही. आपल्याकडचं शेनिन बहुतेक वेळा थोडी गोडी ठेवून बनवतात, थंडगार, फळांच्या वासाचं, मार्चच्या दुपारी मस्त लागतं आणि त्यात कमीपणा काही नाही. साव्हेनिएर म्हणजे पहिला घोट घेतल्यावर माणूस गप्प होतो. आवडलं म्हणून नाही हो, काय बोलावं कळत नाही म्हणून. आंबटपणा सरळ दाढेला लागतो, मग किंचित कडवट, लिंबाच्या पांढऱ्या सालीसारखं, मग मेण, कॅमोमाइल फुलांचा चहा, भाजलेलं सफरचंद, आणि जुनी बाटली असेल तर मध, पण गोडी नसलेला मध, फक्त वास. तिथले लोक शेनिनच्या वासाला भिजलेली लोकर म्हणतात. मला पहिल्यांदा हसू आलं आणि मग वास घेतला तर खरंच पावसात भिजलेली घोंगडी. ज्यांनी मेंढपाळांच्या वाड्यावर पाऊस बघितलाय त्यांना लगेच कळेल.

पारंपरिक शेती म्हणजे नक्की काय? सेंद्रियच ना?

इथे जरा सविस्तर लिहिते कारण गोंधळ फार आहे.

सेंद्रिय म्हणजे रासायनिक तणनाशक नाही, रासायनिक खत नाही, कृत्रिम बुरशीनाशक नाही. फ्रान्समध्ये हिरव्या ए-बी शिक्क्यावरून आणि युरोपच्या ताऱ्यांच्या पानाच्या चिन्हावरून ते ओळखतात. पारंपरिक हा शब्द मात्र कायद्यातला नाही, तो कोणीही लावतं. मी जे बघितलं ते सांगते, म्हणजे त्या शब्दामागे काम काय असतं ते कळेल.

हिवाळ्याआधी घोड्याच्या नांगरानं दोन ओळींमधली माती वेलाच्या बुंध्याकडे ढकलतात. आपण उसाला भर लावतो ना, डिट्टो तेच. कारण कलमाचा सांधा जमिनीजवळ असतो आणि तो गोठू नये, शिवाय ओळीतलं गवतही त्याखाली दबतं. वसंतात तीच माती परत बाजूला काढायची. नांगरानं बरीच निघते पण दोन वेलांच्या मध्ये जो पट्टा राहतो तो कुदळीनं, एकेका वेलापाशी वाकून. मी एक दिवस केलं. संध्याकाळी खुर्चीत बसता येईना आणि बसल्यावर उठता येईना. एका हेक्टरात हजारो वेल असतात, म्हणजे बघा.

घोडा कशाला, ट्रॅक्टर आहे की, असं मी पण विचारलं होतं. दोन कारणं सांगितली. उतार तीव्र आहे, काही ठिकाणी ट्रॅक्टर लावणं धोक्याचं. दुसरं, ट्रॅक्टर वर्षानुवर्षं त्याच दोन चाकोऱ्यांतून जातो आणि खालची माती सिमेंटसारखी दाबली जाते, मुळं आडवी फिरतात. फवारणीचा ब्लोअर लावलेला ट्रॅक्टर बागेतून सीझनमध्ये किती वेळा फिरतो हे आपल्याकडच्या कोणालाही विचारा, ओळीतून चालताना पायाला पण फरक कळतो. घोड्याचा तोटा असा की तो घोडा आहे. त्याला सुट्टी लागते, माशा चावल्या की थांबतो, आणि आमच्या इथला तर दुपारचे बारा वाजले की वळणावरून पुढे जायचाच नाही.

तोडणी हातानं. साव्हेनिएरमध्ये मशीननं तोडत नाहीत, आणि एका फेरीत पण नाही. पहिल्या फेरीत जे घड पिवळे झालेत तेवढेच, आठवड्यानं परत, मग परत. म्हणजे एकाच ओळीतून तीन-चार वेळा जायचं आणि प्रत्येक वेळी अर्ध्या घडांना हात लावायचा नाही. एक्सपोर्टच्या मालाची तोडणी केलेल्यांना हे जमेल असं मला वाटलं होतं, पण मी पहिल्या दिवशी हिरवे घड तोडले आणि बोलणी खाल्ली.

हे परवडतं कसं?

अण्णांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, व्हिडिओ कॉलवर हाच प्रश्न विचारला होता. वेलावर घड मोजले आणि म्हणाले, "एवढेच? बाकीचे कुठं गेले?" मी म्हटलं, "अण्णा, एवढेच ठेवतात." बराच वेळ काही बोललेच नाहीत.

हिशोब असा बघा. एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्ष लागतं. अशा उतारावरच्या जुन्या मळ्यातून हेक्टरी २५ हेक्टोलिटर (म्हणजे अडीच हजार लिटर) वाइन निघाली तर एकरी हजारेक लिटर झाली, म्हणजे तेराशेच्या आसपास बाटल्या, म्हणजे द्राक्ष एकरी दीड टन. आपल्याकडे टेबल ग्रेप्सच्या बागेत आठ-दहा टन निघाले नाहीत तर घरात सुतक असल्यासारखं वातावरण असतं. वरून मजुरी तिकडे मी होते तेव्हा ताशी अकरा-बारा युरो, कायद्यानं. साधी साव्हेनिएर २० ते ३५ युरोला का मिळते याचं उत्तर यातच आहे, कंपनीनं नाव मोठं केलं म्हणून नाही. मला विचाराल तर आहे त्या कामाच्या मानानं ती स्वस्तच आहे. कुले द सेराँची गोष्ट वेगळी, ती याच्या कित्येक पट.

हे कुले द सेराँ काय प्रकरण आहे?

साव्हेनिएरच्या आतच ७ हेक्टरचा एक मळा, एकाच कुटुंबाच्या मालकीचा, आणि एवढ्याशा तुकड्याला स्वतःची वेगळी ए-ओ-सी. बाराव्या शतकात सिस्टर्शियन मठातल्या साधूंनी लावला, ११३० हे साल सांगतात, आणि तेव्हापासून तिथे द्राक्षच आहे. शेजारचा मळा रोश ओ म्वान म्हणजे साधूंचा खडक, त्याचंही असंच वेगळं नाव आहे. १२१४ साली इंग्लंडच्या जॉन राजानं तिथल्या किल्ल्याला वेढा घातला होता आणि फ्रेंच राजपुत्र येतोय म्हटल्यावर पळ काढला. हो, तोच जॉन, मॅग्ना कार्टावाला. राजाच्या अधिकारांना लगाम घालणारी ती सनद, पुढच्याच वर्षी त्याला तिच्यावर शिक्का मारावा लागला. क्यूरनोन्स्की नावाचा फ्रान्सचा फार मोठा खवय्या-लेखक होऊन गेला, त्यानं देशातल्या पाच सर्वोत्तम पांढऱ्या वाइन सांगितल्या त्यात ही एक. तो स्वतः आँजेचाच, त्यामुळे थोडं गावाकडचं प्रेम असणार, पण यादीत बाकी नावं इकेम आणि माँत्राशे अशी आहेत म्हटल्यावर उगाच घेतली असेल असं पण नाही.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जोली कुटुंबानं हा मळा घेतला. मुलगा निकोला जोली बँकेत नोकरीला होता, न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये, १९७७ मध्ये ते सगळं सोडून परत आला. त्याची गोष्ट तो स्वतःच सांगतो: शेतीखात्याचा सल्लागार आला आणि म्हणाला, तुमच्या आईनं चांगलं सांभाळलं पण जुन्या पद्धतीनं, आता तणनाशक वापरा, पैसे वाचतील. यानं वापरलं. दोनेक वर्षांत मातीचा रंग बदलला, किडे आणि पक्षी दिसेनासे झाले. मग त्याच्या हाती बायोडायनॅमिक शेतीवरचं पुस्तक लागलं आणि गडी पार तिकडेच गेला, १९८० पासून प्रयोग आणि १९८४ पर्यंत सगळा मळा त्या पद्धतीवर. आता त्याची मुलगी व्हर्जिनी मळा बघते.

बायोडायनॅमिक म्हणजे ते गाईच्या शिंगात शेण भरतात तेच ना? खरं सांग, तुझा विश्वास आहे?

तेच. १९२४ साली रुडॉल्फ श्टायनर नावाच्या ऑस्ट्रियन विचारवंतानं शेतकऱ्यांपुढे व्याख्यानं दिली, त्यातून हे निघालं. गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरायचं, वसंतात काढून पाण्यात तासभर ढवळायचं, एका बाजूनं भोवरा करायचा, मग उलट्या बाजूनं, आणि जमिनीवर शिंपडायचं. त्याला ५०० नंबर म्हणतात. दुसरं ५०१, त्यात शिंगात गारगोटीची पूड भरून उन्हाळाभर पुरतात, आणि ते पानांवर फवारायचं. कामं चंद्राच्या कॅलेंडरवर: आज मुळाचा दिवस, आज फळाचा दिवस.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं अरे हे तर पंचांग आणि जीवामृत. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांचं जीवामृत ज्यांनी बनवलंय, शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर माती, रोज ढवळायचं, त्यांना त्या ढवळण्यात काही नवल वाटणार नाही. फरक एवढाच की जीवामृत एकरी दोनशे लिटर जातं, आणि शिंगातलं शेण हेक्टरला शंभरेक ग्रॅम.

विश्वासाचं म्हणाल तर शंभर ग्रॅम शेणानं अख्खा हेक्टर बदलतो हे माझ्या बी.एस्सी. ॲग्रीच्या डोक्याला पटत नाही. चंद्राचं तर अजिबात नाही. पण जो माणूस एवढ्या नियमानं पहाटे उठून ढवळतो तो माणूस रोज बागेत असतो, आणि रोज बागेत असणाऱ्याला भुरी (पानावर पांढरी पूड धरणारी बुरशी) पहिल्या पानावर दिसते, शंभराव्या नाही. माझं मत विचारलंत म्हणून सांगितलं, वाद घालायला येऊ नका.

म्हणजे फवारणी करतच नाहीत?

करतात! हा सगळ्यात मोठा गैरसमज. ल्वारला पाऊस आहे, दमट आहे, डाऊनी (दमटपणात येणारी दुसरी बुरशी) आणि भुरी दोन्ही येतात. भुरीला गंधक आणि डाऊनीला मोरचूद-चुना, सेंद्रियवाले पण आणि बायोडायनॅमिकवाले पण. आपण ज्याला बोर्डो मिश्रण म्हणतो, किंवा बोर्डोक्स म्हणतो, ते बोर्डो म्हणजे फ्रान्समधलंच शहर. तिथल्या प्राध्यापक मिलार्देनं १८८५ मध्ये ते जाहीर केलं. अण्णांना हे सांगितल्यावर त्यांना फार गंमत वाटली, चाळीस वर्षं ढवळतायत आणि ते गावाचं नाव आहे हे माहीतच नव्हतं.

तांबं मातीत साठतं, गांडुळांना चांगलं नाही, म्हणून युरोपात मर्यादा आहे: ७ वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४. जास्त पावसाच्या वर्षी तेवढ्यात बाग वाचवणं म्हणजे कसरत असते.

दुष्काळ, गारपीट असलं काही तिकडे असतं का?

तिकडचा राक्षस म्हणजे एप्रिलचं दव गोठणं. कोवळी फूट आली आणि रात्री पारा शून्याखाली गेला की सकाळी फूट काळी. २०२१च्या एप्रिलमध्ये फ्रान्सभर असंच झालं, लोकांनी बागेत हजारो मेणबत्त्यांचे डबे पेटवले, फोटो तुम्ही पाहिले असतील. मे महिन्यात ११, १२, १३ तारखेला बर्फाचे संत म्हणतात, ते तीन दिवस गेले की म्हातारे शेतकरी सुटलो म्हणतात. आपलं रोहिणी-मृगासारखंच.

ठिबक मला कुठेच दिसली नाही. मुळं खाली शिस्टमध्ये जातात, हा पाटीच्या दगडासारखा थर थर असलेला दगड असतो, त्याच्या फटीत पाणी शोधत. आपला काळा दगड आणि काळी माती बघून गेलेल्या माणसाला तिथली माती म्हणजे कोणी कौलं फोडून टाकलीयत असं वाटतं.

कलम मात्र दोन्हीकडे. १८६०च्या दशकात फिलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड अमेरिकेतून आली आणि फ्रान्सच्या बागा साफ झाल्या, तेव्हापासून अमेरिकन खुंटावर कलम करतात. आपण डॉगरिज खुंटावर करतो ते क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी, पण खुंट तोही अमेरिकनच.

नदीच्या पलीकडे गोड वाइन आणि अलीकडे कोरडी, असं का?

चांगला प्रश्न. पलीकडे लेयाँ नावाची छोटी नदी आहे, तिथे शरद ऋतूत सकाळी धुकं बसतं, दुपारी ऊन, त्यात द्राक्षावर एक चांगली बुरशी येते जी मण्यातलं पाणी उडवते आणि साखर घट्ट करते. तेच शेनिन, पण वाइन मधासारखी. साव्हेनिएरच्या उतारावर नदीवरचा वारा खेळता असतो, मण्यांवरची ओल लवकर वाळते, बुरशी कमी. तरी पूर्वी इथेही गोडसरच करायचे, कोरडी ही गेल्या काही दशकांतली रीत. कुले द सेराँला मात्र थोडे बुरशी आलेले घड पण घेतात आणि तरीही साखर बहुतेक सगळी आंबवून टाकतात, म्हणून अल्कोहोल कधी कधी १४-१५ टक्क्यांपर्यंत जातं. पांढरी आहे म्हणून हलकी समजू नका.

शाकाहारी आहे का?

घरून येणारा पहिला प्रश्न, आणि बरोबर आहे विचारणं. वाइन द्राक्षाचीच, पण गढूळपणा काढायला काही जण अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन किंवा माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. तो खाली बसतो आणि काढून टाकतात, पण ज्यांना चालत नाही त्यांना चालत नाही. बरेच जण बेन्टोनाइट नावाची माती वापरतात किंवा नुसतं थांबतात, आपोआप बसतं. बाटलीवर व्हीगन लिहिलं असेल तर प्रश्नच मिटला, नाहीतर मळ्याला मेल करून विचारा, छोटे मळेवाले उत्तर देतात. आता ज्यांना शिंगाचं खतही चालणार नाही त्यांनी बायोडायनॅमिक सोडून साधी सेंद्रिय घ्यावी.

सल्फाइट लिहिलंय, डोकं दुखेल का?

लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असलं की लिहावंच लागतं, आणि आंबवताना यीस्ट स्वतःच थोडं तयार करतं. साध्या ड्राय व्हाइटला युरोपात २०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, सेंद्रियला १५०. पिवळेधमक बेदाणे गंधकाच्या धुरीत करतात, ते मूठभर खाऊन तुमचं डोकं दुखत नसेल तर वाइननं दुखायचं कारण बहुधा दुसरं आहे, म्हणजे तिसरा ग्लास. दमा असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

तळाला काचेसारखे खडे आहेत, बाटली फुटली का आतून?

नाही, पिऊ शकता. ते टार्टारिक ॲसिडचे क्षार, थंडीत खाली बसतात. चिंचेत जो आंबटपणा असतो तोच हा. कारखान्यातली वाइन आधीच गारठवून ते काढून टाकतात, छोट्या मळ्यात नाही काढत. शेवटचा ग्लास हळू ओता.

किती थंड करायची?

फ्रिजमधून काढून लगेच नाही, प्लीज. माझ्या पहिल्या पगाराच्या बाटलीचं मी हेच केलं होतं. पाहुणे येणार म्हणून फ्रीजरमध्ये तासभर ठेवली, आणि सगळ्यांनी लिंबू सरबत प्यायल्यासारखी प्यायली, कोणाला काही कळलं नाही, मला पण नाही. मग तळाचा घोटभर राहिला होता तो सकाळी भांडी घासताना ग्लासातून हुंगला तर त्यात सगळं होतं, मध, मेण, घोंगडी, सगळं. रडूच आलं.

१२ ते १४ डिग्री. पुण्या-नाशिकच्या घरात फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर, मे महिन्यात पंधरा मिनिटं. आणि आधी उघडून ठेवा, जगमध्ये ओतली तर उत्तम. जोली तर आदल्या दिवशीच उघडा म्हणतात. साधी साव्हेनिएर दोन तास आधी उघडली तरी चालते.

माझी बाटली सोनेरी आणि जरा शेरीसारखी (ती हवेत मुरवलेली स्पॅनिश वाइन) लागली. खराब आहे का?

असू शकते, नसूही शकते. कुले द सेराँबद्दल रसिकांमध्ये उघड दोन तट आहेत, एक म्हणतात जगातली सगळ्यात जिवंत वाइन, दुसरे म्हणतात बऱ्याच बाटल्यांना हवा लागलेली असते. मी दोन्ही प्रकारच्या प्यायलेय. दुसऱ्या दिवशी परत चाखा, सुधारली तर ती तशीच होती, अजून मेली तर ती खराब. पण उन्हानं शिजलेली वेगळी. मुंबईत एका दुकानातून मी महागाची घेतली होती, कॉर्क वर आलेला दिसत होता तरी घेतली, आत उकडलेल्या सफरचंदाचं पाणी. बिल दाखवलं तर म्हणे फ्रेंच अशीच असते. कॉर्क वर आलेला दिसला की हात लावू नका.

आपल्याकडे कुठे मिळेल?

क्वचित. परदेशी वाइनवरची कस्टम ड्युटी वर्षानुवर्षं दीडशे टक्के होती, वर राज्याचे कर, त्यामुळे आयात करणारे खपणारी नावंच आणतात. सोपा मार्ग म्हणजे येणाऱ्या माणसाला सांगणं, दोन लिटरपर्यंत ड्युटी न भरता आणता येतं, म्हणजे दोन बाटल्या आरामात. चेक-इन बॅगेत मधोमध, जाड स्वेटरमध्ये. मोज्यात घालू नका, मोजा पातळ असतो, मला माहितीये.

आपल्या जेवणाबरोबर?

तिकडे नदीतला मासा आणि बर ब्लाँ नावाचा लोणी-व्हिनेगरचा सॉस, किंवा बकरीच्या दुधाचं चीज. आपल्याकडे तळलेलं पापलेट, फक्त हळद-मीठ-लिंबू लावून. ओल्या नारळातली कोळंबी पण छान. मालवणी तिखटाबरोबर नको, अल्कोहोलनं मिरची अजून पेटते, त्याला आपलं नाशिकचं गोडसर शेनिनच बरं. पुरणपोळीबरोबर तर चुकूनही नाही, वाइन व्हिनेगर लागते.

बघायला जाता येतं का?

पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवरून आँजेपर्यंत टीजीव्ही या वेगवान गाडीनं दीड तास, तिथून साव्हेनिएर-बेहुआर नावाचं छोटं स्टेशन आहे, गाड्या कमी, टाइमटेबल बघून जा. बेहुआर हे नदीतलं बेट, खडकावर बांधलेलं चिमुकलं चर्च, ते बघाच. मळ्यावर जाण्याआधी फोन करा, तोडणीच्या दिवसांत कोणी विचारणार पण नाही.

उघडलेली किती दिवस टिकते?

कॉर्क लावून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस आरामात, बऱ्याचदा तिसऱ्या दिवशी सगळ्यात छान.

शेवटचं, अण्णांना आवडली का?

मागच्या दिवाळीत नेली होती. पहिल्या दिवशी एक घोट घेतला आणि म्हणाले, "माल जरा आधी तोडलाय का गं?" मी म्हटलं नाही, तीन फेऱ्या केल्या होत्या, दोनदा तर मीच होते. दुसऱ्या दिवशी काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज उघडला तर बाटली रिकामी, आणि दुपारी बघते तर काकूनं त्यात पाणी भरून मनी प्लांट लावून ओट्याजवळच्या खिडकीत ठेवला होता. लेबल काढलेलं नाही. अजून तिथेच आहे.